लाल विंचवाचे विष आणि मूत्राशयाचा स्नायू

विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत एकाच प्राण्याच्या विषाचा अभ्यास जगाच्या दोन टोकांना, परस्परांशी संबंध न येता, चालू होता. एका टोकाला महाड आणि पोलादपूर या कोकणातील तालुक्यांमधील सरकारी दवाखाने होते, जिथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले एका रात्रीत दगावत होती. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील औषधसंशोधनाच्या प्रयोगशाळा होत्या, जिथे त्याच विंचवाच्या वाळवलेल्या विषातून एकेक रेणू वेगळा करून स्नायूंच्या पेशींवर तपासला जात होता. पहिल्या अभ्यासातून मृत्यू टाळण्याचा स्वस्त उपाय मिळाला आणि दुसऱ्यातून माणसाच्या मूत्राशयाचा स्नायू आकुंचन कसा पावतो व कसा शांत राहतो, याचे एक महत्त्वाचे सूत्र हाती आले. दोन्ही अभ्यासांचा विषय अखेर एकच होता: पेप्टाइड या छोट्या रेणूंचा मृदू स्नायूंवर होणारा परिणाम.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. हीच साखळी लांबत गेली की तिला प्रथिन म्हणतात. शरीरातील अनेक पेप्टाइडे निरोप्याचे काम करतात, म्हणजे ती एका पेशीतून बाहेर पडतात, दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही नावाच्या प्रथिनाला चिकटतात आणि त्या पेशीला आकुंचन, शिथिलता किंवा स्राव यांपैकी एखादी क्रिया करायला लावतात. मृदू स्नायू म्हणजे मनुष्याच्या इच्छेवर न चालणारा स्नायू, जो रक्तवाहिन्या, आतडे, गर्भाशय, मूत्रपिंडातून मूत्र खाली आणणाऱ्या मूत्रवाहिन्या आणि मूत्राशय यांच्या भिंतींमध्ये असतो. गोंदिया-भंडाऱ्याकडील मालगुजारी तलावाला जशी पावसाळाभर पाणी धरून ठेवणारी पाळ आणि वेळ आली की उघडणारे दार ही दोन्ही लागतात, तशीच मूत्राशयाचीही दोन कामे आहेत: तासन्तास भिंत सैल व तोंड आवळलेले ठेवून मूत्र साठवणे, आणि योग्य क्षणी भिंत आवळून व तोंड सैल करून ते बाहेर टाकणे. या दोन अवस्थांमधला बदल चेतातंतू, त्यांतून स्रवणारी रसायने आणि स्नायूपेशींच्या पटलावरील सूक्ष्म मार्गिका मिळून घडवतात, आणि या व्यवस्थेचा उलगडा होण्यासाठी जवळजवळ शंभर वर्षे लागली.

अर्कांचे युग

या इतिहासाची सुरुवात शुद्ध रेणूंपासून नव्हे, तर प्राण्यांच्या अवयवांच्या अर्कांपासून झाली. १८९५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचल्यावर रक्तदाब वाढतो, असे दाखवले. १९०६ मध्ये हेन्री डेल यांना त्याच ग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावताना आढळले. या अर्कातील दोन घटक, ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन, प्रत्येकी नऊ अमिनो आम्लांची पेप्टाइडे असल्याचे पुढे सिद्ध झाले, आणि विन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिनची रचना व कृत्रिम निर्मिती जाहीर केली, ज्यासाठी त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला लावते. त्यामुळे मूत्र किती तयार व्हावे हेही एका पेप्टाइडच्या हाती आहे, हे वैद्यकाला प्रथमच स्पष्ट झाले.

त्या काळातील संशोधनाची मुख्य पद्धत साधी पण अत्यंत संवेदनशील होती. गिनीपिग किंवा सशाच्या आतड्याची, गर्भाशयाची किंवा मूत्राशयाची एक पट्टी कापून, ती प्राणवायू मिळणाऱ्या कोमट क्षारद्रावणात टांगली जाई आणि तिचे दुसरे टोक एका तरफेला जोडले जाई. द्रावणात अर्काचे थेंब सोडल्यावर पट्टी आखडली की तरफेच्या टोकाची लेखणी काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटवी. याच पद्धतीने १९३१ मध्ये लंडनमध्ये डेल यांच्या संस्थेत काम करणाऱ्या उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना घोड्याच्या मेंदूच्या व आतड्याच्या अर्कात एक असा पदार्थ आढळला की ज्याने आतड्याची पट्टी आखडत होती, पण जो तोवर माहीत असलेल्या कोणत्याही रसायनाशी जुळत नव्हता. त्याला ‘सबस्टन्स पी’ असे तात्पुरते नाव मिळाले आणि तेच कायम राहिले. हे अकरा अमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे, हे समजायला मात्र १९७१ साल उजाडले. ते काम सुसान लीमन आणि मायकेल चँग यांनी केले.

मूत्राशी या संशोधनाचा आणखी थेट संबंध म्युनिकमध्ये जुळला. १९२५ च्या सुमारास एमिल फ्राय या शल्यचिकित्सकाला माणसाचे मूत्र कुत्र्याच्या रक्तात टोचल्यावर त्याचा रक्तदाब उतरतो, असे आढळले. त्यास कारणीभूत असणाऱ्या पदार्थाला पुढे कॅलिक्रीन हे नाव पडले आणि तो रक्तातील एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे करून लहान, प्रभावी पेप्टाइडे मोकळी करणारे विकर आहे, हे सिद्ध झाले. याच कुळातील सर्वांत प्रसिद्ध पेप्टाइड सापडले ते एका विषामुळे. १९४९ मध्ये ब्राझीलमध्ये मॉरिसिओ रोशा इ सिल्व्हा, विल्सन बेराल्दो आणि गास्ताओ रोझेनफेल्ड यांनी जराराका या सर्पाचे विष कुत्र्याच्या रक्तद्रवात मिसळले, तेव्हा गिनीपिगच्या आतड्याची पट्टी हळूहळू आखडवणारा एक नवा पदार्थ तयार झाला. हेच ब्रॅडिकिनिन, ते नऊ अमिनो आम्लांचे असते आणि ते रक्तवाहिन्या रुंदावते, वेदना जागवते व मूत्राशयाचा स्नायू आखडवते. या शोधामुळे एक गोष्ट संशोधकांच्या मनात कायमची ठसली: शरीराच्या नैसर्गिक यंत्रणेतील लपलेला दुवा शोधायचा असेल, तर प्राण्यांची विषे हे सर्वांत अचूक साधन ठरू शकते.

मूत्राशयाचे कोडे

मूत्राशयाबाबत शरीरशास्त्रज्ञांपुढे एक जुने कोडे होते. मूत्राशयाच्या चेतातंतूंना विजेचे उत्तेजन दिले की त्याची भिंत आकुंचन पावते, आणि या चेतातंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन हे रसायन बाहेर पडते, हे ठाऊक होते. परंतु ॲसिटिलकोलिनचा परिणाम पूर्णपणे अडवणारे ॲट्रोपिन हे औषध दिल्यानंतरही अनेक प्राण्यांच्या मूत्राशयात आकुंचनाचा मोठा भाग शिल्लक राहात असे. म्हणजेच त्या चेतातंतूंमधून दुसरेही काही बाहेर पडत असले पाहिजे. १९७२ मध्ये जेफ्री बर्नस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दुसरा निरोप्या एटीपी हा पेशींच्या ऊर्जेचा सुपरिचित रेणू असावा, असे मांडले, आणि तो निष्कर्ष पुढे टिकला.

तरीही पेप्टाइडांचे स्थान त्यामुळे कमी झाले नाही, उलट ते वेगळ्या बाजूने पुढे आले. मूत्राशय भरल्याची, जळजळीची वा वेदनेची जाणीव मेंदूकडे नेणाऱ्या संवेदी चेतातंतूंच्या टोकांत सबस्टन्स पी आणि त्याची भावंडे साठवलेली असतात, आणि टोके डिवचली गेली की ती तेथल्या तेथेच स्रवतात, स्नायू आखडवतात आणि सूजही आणतात, असे दिसून आले. या भावंडांतील न्यूरोकिनिन ए हे पेप्टाइड १९८० च्या दशकाच्या आरंभी सापडले आणि मानवी मूत्राशयाच्या स्नायूवर त्याचाच परिणाम मुख्यत्वे होतो, हे समजले. मिरचीतील तिखट द्रव्य कॅप्सायसिन याच चेतातंतूंना आधी पेटवते आणि नंतर थकवून गप्प करते, हे हंगेरीतील सेगेड विद्यापीठात मिक्लोश यांचो यांनी दाखवले होते. त्या आधारावर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून इटली व इंग्लंडमधील वैद्यांनी मज्जारज्जूच्या आजारामुळे मूत्रावर ताबा न राहिलेल्या रुग्णांच्या मूत्राशयात कॅप्सायसिनचे पातळ द्रावण भरून उपचार करून पाहिले. याउलट डुकराच्या आतड्यातून १९७० मध्ये वेगळे केलेले व्हीआयपी हे पेप्टाइड स्नायू सैल करणारे निघाले, तर १९८८ मध्ये जपानमधील त्सुकुबा विद्यापीठात मासाशी यानागिसावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेले एंडोथेलिन हे एकवीस अमिनो आम्लांचे पेप्टाइड आतापर्यंत ज्ञात असलेल्या सर्वांत प्रबळ आकुंचकांपैकी एक ठरले.

या सर्व पेप्टाइडांमुळे आकुंचन सुरू कसे होते, हे समजू लागले. मात्र ते थांबते कसे आणि भरत आलेले मूत्राशय तासन्तास शांत कसे राहते, या प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. त्या उत्तराचा मार्ग भारतातील लाल विंचवाच्या विषातून गेला.

कोकणातील मृत्यू

लाल विंचू, ज्याचे शास्त्रीय नाव पूर्वी मेसोब्युथस टॅम्युलस असे होते आणि आता हॉटेंटोटा टॅम्युलस असे आहे, महाराष्ट्रात विशेषतः कोकणच्या जांभ्या दगडाच्या मुलखात, बांधांच्या फटींत, लाकडाच्या ढिगाऱ्यात, गवताच्या छपरात आणि भाताच्या पेंढ्यात राहतो. त्याने दंश केलेला रुग्ण कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मांत्रिकाकडे नेला जात होता, आणि सरकारी दवाखान्यातही त्यावर वेदनाशामक, गुंगीची औषधे व स्टिरॉइडे यांपलीकडे विशेष काही नव्हते. १९६१ मध्ये मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी होऊन रुग्ण दगावतो, याकडे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मधून लक्ष वेधले. तरी या मृत्यूमागची नेमकी साखळी उलगडली नव्हती, आणि फुफ्फुसात पाणी झालेल्या रुग्णांपैकी पंचवीस ते तीस टक्के मरण पावत होते.

१९७६ मध्ये, जालना भागातील देहेड या गावात जन्मलेले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर हे महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा हा जिल्हा अजून कुलाबा या नावाने ओळखला जात होता. पुढे त्यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. केले आणि पुन्हा कोकणातच परतून, पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या साथीने, हे काम चालू ठेवले. त्यांच्याकडे आधुनिक प्रयोगशाळा नव्हती. होते ते रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून नाडी, रक्तदाब, श्वास, घाम आणि हातापायांचा गारवा यांची तासागणिक नोंद ठेवण्याचे चिकाटीचे साधन.

या नोंदींतून जे चित्र उभे राहिले ते १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना दंशाच्या जागी असह्य वेदना होतात पण इतर लक्षणे नसतात, ते बहुधा वाचतात. मात्र ज्यांना वारंवार उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, लाळ गळते, हातपाय गार पडतात आणि पुरुष रुग्णांत लिंग आपोआप ताठरते, त्यांच्या हृदयावर व फुफ्फुसांवर काही तासांतच संकट येण्याची शक्यता असते, असे त्यांनी दाखवले. ही लक्षणे वरवर परस्परांशी असंबद्ध दिसतात, परंतु त्यांचा धागा एकच आहे. लाल विंचवाच्या विषातील काही पेप्टाइडे चेतातंतूंच्या पटलावरील सोडियमच्या मार्गिका उघड्या ठेवतात, त्यामुळे स्वायत्त चेतासंस्थेची, म्हणजे हृदय, ग्रंथी आणि मृदू स्नायू यांना आपोआप चालवणाऱ्या चेतातंतूंची, टोके थांबेनाशी होऊन रसायने ओतू लागतात. प्रथम ॲसिटिलकोलिनची लाट येते, जिच्यात उलट्या, घाम, लाळ आणि जननेंद्रियातील मृदू स्नायूंची विकृती दिसते. तिच्या पाठोपाठ ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन यांचा पूर लोटतो, जो शरीरभरच्या रक्तवाहिन्यांचे मृदू स्नायू आवळून टाकतो. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकते आणि रक्तातील पाणी फुफ्फुसांत उतरते. मृत्यूचे मूळ विषाच्या थेट हृदयघातात कमी आणि मृदू स्नायूंच्या या बेबंद आकुंचनात अधिक होते.

निदान असे उभे राहिल्यावर उपायही त्यातूनच निघाला. नॉरॲड्रेनॅलिन ज्या ग्राहीवर चिकटून वाहिन्या आवळते त्याला अल्फा ग्राही म्हणतात, आणि तो ग्राही अडवणारे प्राझोसिन हे औषध उच्च रक्तदाबासाठी १९७० च्या दशकात फायझर या कंपनीने बाजारात आणले होते. बावस्कर दांपत्याने ते लाल विंचवाच्या दंशावर तोंडावाटे देण्यास सुरुवात केली आणि त्याचे परिणाम १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये मांडले. साधी गोळी, शिरेतून न देता पोटात देता येणारी, ग्रामीण दवाखान्यात ठेवता येणारी. तिच्यामुळे १९८४ नंतरच्या काळात फुफ्फुसात पाणी झालेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. विषाचे स्वरूप जगाच्या प्रयोगशाळांना पुरते समजण्याआधी, त्याच्या परिणामाची नेमकी कडी ओळखून ती तोडण्याचे काम एका तालुक्याच्या दवाखान्याने केले होते.

प्राझोसिनचा हा मार्ग मूत्रमार्गाच्या इतिहासालाही समांतर जातो. १९७५ मध्ये जेरुसलेम येथे मार्को केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी पुरःस्थ ग्रंथीत, म्हणजे प्रोस्टेटमध्ये, आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंत तोच अल्फा ग्राही असल्याचे दाखवले, आणि वृद्ध पुरुषांमध्ये प्रोस्टेट वाढल्याने होणारा अडथळा काही अंशी या स्नायूच्या आवळण्यामुळे असतो, हेही सिद्ध केले. त्यानंतर अल्फा ग्राही अडवणारी औषधे प्रोस्टेटच्या रुग्णांना दिली जाऊ लागली आणि आज टॅम्सुलोसिनसारखी औषधे गावोगावच्या औषधांच्या दुकानांत मिळतात. विंचवाने दंश केलेल्या मुलाचा जीव वाचवणारा आणि वृद्धाचे अडलेले मूत्र मोकळे करणारा उपाय एकाच तत्त्वावर उभा आहे: मृदू स्नायूला आकुंचनाचा निरोप ज्या दारातून मिळतो ते दार बंद करणे.

विषातून निघालेली किल्ली

कोकणात हे चालू असतानाच विषांच्या रसायनशास्त्रात वेगळी घडामोड होत होती. १९८५ मध्ये अमेरिकेत क्रिस्टोफर मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यपूर्वेतील एका पिवळ्या विंचवाच्या विषात चॅरिब्डोटॉक्सिन हे पेप्टाइड असल्याचे दाखवले, जे पोटॅशियमची एक विशिष्ट मार्गिका बंद करते. या मार्गिकेला बीके मार्गिका म्हणतात. पेशीत कॅल्शियम वाढले की ती उघडते आणि पेशीतील पोटॅशियम झपाट्याने बाहेर सोडून पेशीचे विद्युत उत्तेजन विझवते. चॅरिब्डोटॉक्सिनची अडचण अशी होती की ते इतर प्रकारच्या मार्गिकाही बंद करी, त्यामुळे कोणता परिणाम कशामुळे झाला हे खात्रीने सांगता येत नव्हते.

१९९० मध्ये अमेरिकेतील मर्क या औषध कंपनीच्या संशोधकांनी भारतातील लाल विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन वेगळे केले. तेही सदतीस अमिनो आम्लांचे पेप्टाइड, तीन गंधकी बंधांनी घट्ट वळलेले आणि चॅरिब्डोटॉक्सिनशी बहुतांशी मिळतेजुळते. परंतु ते जवळजवळ केवळ बीके मार्गिकेवरच बसते. ज्या विषाने कोकणातली माणसे दगावत होती, त्याचे मारक गुण मुख्यतः सोडियमच्या मार्गिकेवरील पेप्टाइडांचे होते. आयबेरिओटॉक्सिन हा त्या विषातील वेगळा, अत्यंत निवडक घटक होता, आणि म्हणूनच तो जगभरच्या प्रयोगशाळांत एका मार्गिकेचे काम उघड करणारे साधन बनला.

मूत्राशयावर त्याचा उपयोग व्हरमाँट विद्यापीठात मार्क नेल्सन यांच्या गटाने केला. १९९७ मध्ये थॉमस हेपनर व सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या मूत्राशयाच्या स्नायूपेशींत दाखवले की प्रत्येक विद्युत स्पंदनानंतर पेशी पूर्ववत शांत होण्यात बीके मार्गिकेचा मोठा वाटा असतो. आयबेरिओटॉक्सिन टाकल्यावर हे शांत होणे लांबते. पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाले की मार्गिका बंद केल्यावर मूत्राशयाच्या पट्टीचे स्वयंस्फूर्त आकुंचन लक्षणीय जोराचे होते. २००४ मध्ये बीके मार्गिकेचे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांचे मूत्राशय अतिक्रियाशील होते आणि त्यांना मूत्र रोखून धरता येत नाही, असे आढळले. आणि २०११ मध्ये दक्षिण कॅरोलिना विद्यापीठात जॉर्गी पेटकोव्ह यांच्या गटाने शस्त्रक्रियेत मिळालेल्या मानवी मूत्राशयाच्या ऊतीवर आयबेरिओटॉक्सिनचा प्रयोग करून माणसातही हीच मार्गिका स्नायूचे उत्तेजन आवरते, हे सिद्ध केले.

यामुळे शंभर वर्षांच्या प्रश्नाचे चित्र पूर्ण होऊ लागले. ॲसिटिलकोलिन, एटीपी, न्यूरोकिनिन, ब्रॅडिकिनिन आणि एंडोथेलिन हे रेणू स्नायूपेशीतील कॅल्शियम वाढवून आकुंचन घडवतात; वाढलेले तेच कॅल्शियम बीके मार्गिका उघडून आकुंचनाला मर्यादा घालते. आकुंचनाच्या निरोपातच त्याच्या थांबण्याची तरतूद असते, आणि ही तरतूद बिघडली की थोड्याशा मूत्रानेही घाई लागते, झोपेतून वारंवार उठावे लागते आणि ताबा सुटतो. या ज्ञानावर आधारित उपचारही आखले गेले: बीके मार्गिकेचे जनुक थेट स्नायूत सोडण्याच्या जनुकोपचाराची मानवी चाचणी प्रथम लैंगिक दुर्बलतेसाठी २००६ मध्ये आणि पुढे अतिक्रियाशील मूत्राशयासाठी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सबस्टन्स पीचा ग्राही अडवणाऱ्या गोळ्यांचीही चाचणी झाली, पण त्यांचा लाभ प्रचलित औषधांपेक्षा सरस ठरला नाही. त्यामुळे आजही मुख्य औषधे ॲसिटिलकोलिनचा किंवा ॲड्रेनॅलिनसदृश निरोपाचा मार्ग वापरणारीच आहेत, आणि पेप्टाइडांवरील औषधांचे आश्वासन मूत्राशयाबाबत अजून पुरते फळलेले नाही.

भारतीय धागे

विषाचे काम भारतातही थांबलेले नव्हते. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात के. राधाकृष्ण मूर्ती यांनी विंचूदंशातील इन्शुलिनच्या भूमिकेचा अनेक वर्षे अभ्यास केला. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात श्रीपाद देशपांडे यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले की लाल विंचवाच्या विषामुळे हृदयाचे प्रतिक्षेप तीव्र होतात ते किनिन, म्हणजे ब्रॅडिकिनिनच्या कुळातील पेप्टाइडांच्या द्वारे. ब्राझीलमधील सर्पविषाने जो रेणू १९४९ मध्ये उजेडात आणला होता, तोच भारतीय विंचवाच्या विषाच्या परिणामातही काम करीत होता. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेत तयार झालेल्या प्रतिविषाची प्राझोसिनसह तुलना महाड येथे झाली, आणि २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत, प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत लक्षणमुक्त झाले, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ रुग्णच तेवढ्या वेळात बरे झाले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री देण्यात आली.

या घटनाक्रमाचे मूल्यमापन करताना दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की शरीरशास्त्राची मोठी सत्ये अनेकदा प्रयोगशाळा आणि रुग्णाची खाट या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी आकार घेत असतात. मृदू स्नायूंचे बेबंद आकुंचन कसे मारते हे महाडला कळले आणि त्याला आवर कसा बसतो हे व्हरमाँटला, परंतु दोन्हींचे साधन सह्याद्रीच्या कुशीत राहणारा तोच प्राणी होता. दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे: आयबेरिओटॉक्सिन आपल्याच विंचवाचे, पण त्याचे शुद्धीकरण, त्याचा उपयोग आणि त्यातून निघालेले ज्ञान बाहेर तयार झाले. भारतातील रसायनशास्त्राच्या आणि जैवभौतिकीच्या प्रयोगशाळा ग्रामीण दवाखान्यांशी जोडलेल्या असत्या, तर हा दुसरा अध्यायही येथेच लिहिला गेला असता.

ही जोडणी आज शक्य आहे. उदाहरणार्थ, गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला आणि २०१६ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एकेकाळी ज्यांना उपचारासाठी नागपूर गाठावे लागे, त्या धानाच्या शेतात राबणाऱ्या, तणस आणि पुंजण्यांमध्ये हात घालणाऱ्या माणसांसाठी आता जिल्ह्यातच शिकवणारे रुग्णालय आहे. बिरवाडीच्या केंद्रातही यापेक्षा अधिक साधने नव्हती. होती ती प्रत्येक दंशाची काटेकोर नोंद आणि त्या नोंदीतून नियम शोधण्याची जिद्द. गोंदियातील तरुण वैद्यांनी विंचू, साप आणि इतर विषारी दंशांची अशी नोंद ठेवावी, तिचे निष्कर्ष प्रसिद्ध करावेत आणि विषाच्या रसायनावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांशी ती जोडावी. सामान्य वाचकाने मात्र एवढे ध्यानात ठेवावे की विंचवाच्या दंशानंतर उलट्या, दरदरून घाम किंवा हातपाय गार पडणे दिसताच मांत्रिकाकडे वेळ न घालवता रुग्णाला जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. यावरचा उपाय महाराष्ट्रातच सापडलेला आहे आणि वेळेवर मिळाला तर तो जीव वाचवतो.